धारेचा ठेकेदार

ओंडका पायावरून गेला तेव्हा ठेकेदाराने पहिला प्रश्न विचारला तो करवतीबद्दल. पट्टा बंद केला का कुणी, एवढं म्हणाला आणि मग त्याची शुद्ध हरपली. ही गोष्ट मुकादमाने त्याच्या बायकोला दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितली, आणि वर मान हलवत म्हणाला, असा माणूस शोधून मिळायचा नाही. तिला त्या कौतुकाची चीड आली. आत नवऱ्याचा पाय गुडघ्याखाली मोडून लोंबतोय आणि हा बाहेर त्याचे गोडवे गातोय. पण त्याला उचलून आणणाऱ्यांत मुकादमही होता, त्याच्या शर्टाची पुढची बाजू रक्ताने ताठ झाली होती.

ठेकेदार हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावाबाहेरच्या लाकडाच्या गिरणीत तो करवतींना धार लावायचा, मिसरूड फुटायच्या आधीपासून. पुढे एका सकाळी मालकाने सगळ्यांना ओळीने आपल्या खोलीत बोलावलं आणि एकेका कागदावर सह्या घेतल्या. आजपासून इथे कुणी नोकर नाही, जो तो आपापल्या कामाचा ठेकेदार. ओंडके ओढणारा ओढण्याचा ठेकेदार, भुसा भरणारी म्हातारी भुशाची ठेकेदारीण. बाकीच्यांनी सही केली, अंगठा उठवला आणि विसरून गेले. हा मात्र विसरला नाही. त्या संध्याकाळी काहीतरी गोड घेऊनच घरी आला. पुढच्या आठवड्यात पदरच्या पैशाने कानशींचा नवा संच घेतला, त्यासाठी कातडी पिशवी शिवून घेतली, आणि ती खांद्याला लावून असा निघायचा की जणू गिरणी वाटेवर लागते म्हणून हा आत डोकावतो. गावाला निमित्तच हवं असतं. नाव पडलं ते पडलं, तिलाही लोक ठेकेदारीण म्हणायला लागले. खरं सांगायचं तर फरक एवढाच झाला होता की पूर्वी मालक त्याला ‘अरे’ अशी हाक मारायचा, आता ‘अरे ठेकेदार’ म्हणू लागला. आणि सुट्टीच्या दिवसाची मजुरी बंद झाली.

दवाखान्यात हाड बसवलं, पण नीट बसलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडून आत सळई घालावी लागेल, आणि ती लवकर घातली पाहिजे. हाड असंच जुळून आलं तर पाय वाकडा राहील, जन्मभर त्यावर भार देता येणार नाही. उभं राहता आलं नाही तर धार कशी लावणार, कारण करवतीचा दातेरी पट्टा बाकावर ताणून धरायला दोन्ही पायांचा जोर लागतो. सळईचा खर्च तिने ऐकला आणि खाली बसली. तिथल्या नर्सने तिला पाणी दिलं, विचारपूस केली आणि अगदी सहज म्हणाली, “कामावर लागलंय ना? मग गिरणी देईल. द्यावंच लागतं त्यांना.”

ती दुसऱ्या दिवशी गिरणीत गेली. मालकाच्या खोलीत टेबलापुढे एक खुर्ची होती, तिच्यावर लाकडाचे नमुने ठेवलेले होते, आणि ते उचलायला कुणी सांगितलं नाही. ती उभी राहिली. मालक वाईट बोलला नाही, हेच पुढे तिला जास्त लागलं. त्याने पायाची चौकशी केली, हळहळला, डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग म्हणाला की तो माझा नोकर असता तर मी कालच सगळा खर्च उचलला असता, पण तो स्वतंत्र माणूस. स्वतःची हत्यारं, स्वतःचा धंदा. उद्या माझ्या दारात सुताराचं बोट कापलं तर मी थोडाच त्याच्या घरी पगार पोचवतो? त्याला फळं घेऊन जा, असं म्हणून त्याने खिशात हात घातला. ती नको म्हणाली नाही. घरी म्हातारी सासू होती, रोज दूध लागत होतं, आणि नको म्हणायला अंगात जी ताकद लागते ती तिच्यात त्या दिवशी नव्हती. बाहेर येताना तिने शेडमध्ये पाहिलं. धारेच्या बाकापाशी एक नवा माणूस वाकून उभा होता, आणि कातडी पिशवी त्याच्या शेजारी उघडी पडली होती. तिने जाऊन पिशवी उचलली, त्याच्या हातातली कानसही काढून घेतली.

थंडी पडली होती. पहाटे धुकं इतकं दाट असायचं की अंगणातली दोरी दिसायची नाही. बटाट्याची काढणी सुरू होती, तिने तीच धरली. कुदळीने वरंबा फोडायचा, गुडघ्यांवर बसून गार मातीत हात घालायचे, टोपली भरली की बांधावर नेऊन ओतायची. दुपारपर्यंत बोटं लाकडासारखी व्हायची आणि संध्याकाळी कंबर सरळ होत नसे. घरी आल्यावर नवऱ्याला पुसून काढायचं, कूस बदलायची, भांडं घ्यायचं आणि बाहेर नेऊन रिकामं करायचं. भांडं घेताना तो तोंड भिंतीकडे करायचा. सासू कोपऱ्यातून म्हणायची, भिंतीला काय लाजतोस, तिने सगळं पाहिलंय. सासूची जीभ अशीच होती, पण दिवसभर त्याच्या उशाशी तीच बसून असायची.

कामगार कचेरीत तक्रार द्यायचं डोकं नर्सचं. तालुक्याला बसने जावं लागे. तिथे एक अधिकारी बाई होत्या, आवाज घसा बसल्यासारखा, टेबलाखाली पाय शालीत गुंडाळलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की कागदावर ठेकेदार लिहिलंय एवढ्यावर मी जात नाही. कामाची वेळ कोण ठरवतं, काय करायचं ते कोण सांगतं, त्याला नाही म्हणता येतं का, स्वतःच्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का, हे मी बघते. त्याला घेऊन या, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. ती घरी आली तेव्हा कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. कारण हे सगळं तिला माहीत होतं. भोंगा वाजायच्या आत पोचला नाही तर अर्धा दिवस कापला जायचा. एकदा ताप आला म्हणून त्याने तिच्या भावाला पाठवलं होतं, तोही धारेचंच काम करणारा, तर त्याला फाटकातूनच परत लावलं. आणि ओंडका गडगडला तेव्हा तरी हा तिथे कशाला होता? धार लावणाऱ्याचं ओंडक्यांपाशी काय काम? मालकानेच हाक मारली होती, अरे ठेकेदार, जरा हात लाव.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला चौघांनी त्याला बाजेसकट टेम्पोत चढवलं. कचेरीत बाकावर पाय लांब करून बसवलं. समोर मालक, त्याचा वकील आणि मुकादम. वकील गोड माणूस. त्याने आल्या आल्या नमस्कार केला, पायाची चौकशी केली आणि ‘ठेकेदारसाहेब’ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या नावापुढे साहेब लावत होतं. ती बघत होती. नवऱ्याची मान सावकाश वर येत गेली.

वकिलाने विचारलं, कानशी कुणाच्या? माझ्या. पट्ट्याला धार कशी द्यायची हे मालक शिकवतात का तुम्हाला? तो हसला. म्हणाला, मालकांना कानस कुठून धरायची तेही माहीत नाही. मग तुमच्या कामात तुम्हीच मालक, असं म्हणायला हरकत नाही? आणि ठेकेदाराने भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत सांगितलं, “मी कुणाचा नोकर नाही. माझ्या मर्जीचा माणूस आहे.”

तिला वाटलं, उठावं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवावा. मालक खाली बघत होता. अधिकारी बाईंनी लेखणी खाली ठेवली, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, निकाल न देता पुढची तारीख दिली.

घरी आल्यावर ती बरसली. बटाट्यांच्या मातीने फाटलेले हात तिने त्याच्या नाकासमोर धरले. म्हणाली, माझे हे हात बघा आणि मग सांगा मर्जी. भोंग्याला धावत जात होतात ती मर्जी होती? शेडमधून बाहेर पडायला मुकादमाकडे बघत होतात ती मर्जी होती? तो हळू आवाजात म्हणाला, “तिथे उभ्या गावासमोर सांगू, की मी लघवीलासुद्धा विचारून जात होतो? पाय गेलाय माझा. आता हेही काढून घेणार तुम्ही?”

ती तिथून उठली. चूल फुंकत बसली, डोळ्यांत धूर गेला ते बरंच झालं. सासू लेकाला म्हणाली, तुझा बापही असाच होता, मान ताठ ठेवून गेला आणि मला लोकांची भांडी घासायला ठेवून गेला. ठेकेदाराने पांघरूण डोक्यावरून घेतलं. पुढच्या तारखेपर्यंत घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. ती शेतावर जात राहिली. पाय आतल्या आत वाकडा जुळत होता, हे मलमपट्टी करताना तिच्या बोटांना कळत होतं, आणि झोपेत कण्हायचा तेव्हा त्यालाही कळत असणार.

दुसऱ्या तारखेपर्यंत तो कुबड्यांवर आला होता. या वेळी टेम्पो नव्हता, बसनेच गेले. चढताना दोघांनी हात दिला, उतरताना कंडक्टर खेकसला. कचेरीत तेच बाक, तीच माणसं. वकिलाला आता फार काही करायचं नव्हतं, मागच्या खेपेला पदरात पडलं होतं तेवढंच घट्ट बांधायचं होतं. त्याने तेच प्रश्न पुन्हा फिरवले. ठेकेदार तुटक उत्तरं देत होता. शेवटी वकील अधिकारी बाईंकडे वळला.

“बाई, हा माणूस किती स्वतःच्या मर्जीचा आहे याचं एक उदाहरण देतो. हा ठेकेदार झाला त्यानंतरच याची पहिली मुलगी गेली, तान्ही होती. दुपारी घरून निरोप आला, जीव जातोय, या. कुणी नोकर असता तर पळत सुटला असता. पण हा गेला नाही. म्हणाला, माझा पट्टा बोथट होऊन अर्धा ओंडक्यात अडकलाय, त्याला धार लावूनच जाईन. याला म्हणतात स्वतःचा धंदा. गिरणीतला प्रत्येक माणूस ही गोष्ट सांगतो. तो स्वतःही सांगतो.”

तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. ही गोष्ट तिला कुणी सांगायला नको होती. त्या दुपारी लेकरू मांडीवर होतं, श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत जात होत्या, आणि ती दाराकडे बघत होती. शेजारीण निरोप घेऊन धावत गेली होती. तो आला तो दिवस मावळल्यावर, भोंगा झाल्यावर, जेव्हा सासूने लेकराला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. आणि दारात उभं राहून त्याने हेच सांगितलं होतं, पट्टा अर्धा ओंडक्यात होता. त्यानंतर ती त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. पुढे बोलली, संसार केला, त्याला दुसरी मुलगी दिली, ती आता लग्न होऊन सासरी सुखात होती. त्याच्यावर तिचा जीव नव्हता असं नाही. पण त्या वाक्याची आठवण झाली की तिला त्याच्या ताटात वाढणंसुद्धा जिवावर यायचं. करवत माझ्या लेकरापेक्षा मोठी, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं, आणि ते काही सुटलं नव्हतं.

ठेकेदार मालकाकडे बघत होता. मालक टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

“मालक,” तो म्हणाला, “हे तुम्ही सांगितलंत यांना?”

मालकाने वकिलाकडे पाहिलं. वकील म्हणाला, तुम्ही बाईंशी बोला. तेव्हा ठेकेदाराने मान बाईंकडे वळवली. त्याचा आवाज बदलला होता, शेडमधल्या घरघरीत बोलताना वापरायचा तो मोठा आवाज गेला होता.

“मी विचारलं होतं. निरोप आला तसा गेलो मालकांच्या खोलीत. पाया पडलो. म्हटलं, लेकरू जातंय. हे म्हणाले, गाडी भरायची आहे, पट्टा बोथट झालाय, आत्ता गेलास तर उद्या येऊ नकोस. मी दुसरा माणूस देतो म्हणालो. नको म्हणाले.” कुबडी त्याने उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “पट्टा ओंडक्यात होता हे मी घरी सांगितलं. नोकर होतो म्हणून आलो नाही, हे कसं सांगायचं? तिला वाटू दे म्हटलं, माणूस दगड आहे.”

अधिकारी बाईंनी शाल सारखी केली. मग त्यांनी मुकादमाला विचारलं, तुम्ही होता तिथे? मुकादम उभा राहिला. त्याने मालकाकडे पाहिलं, आणि ती समजून चुकली की हा आता खोटं बोलणार. त्याचीही बायकापोरं होती. पण मुकादम भिंतीकडे बघत म्हणाला की हा निघाला होता. मालकांनी नाही म्हटल्यावरही फाटकाबाहेर पडला होता. मालकांनी मला सायकल देऊन मागे पाठवलं. मी रस्त्यात गाठला आणि परत आणला. एवढं बोलून तो खाली बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाईंनी आणखी काही विचारलं नाही. त्या दुपारीच त्यांनी सांगून टाकलं. हत्यारं कुणाची याला महत्त्व आहे, पण एवढं नाही. ज्याला जाता येत नाही, ज्याच्या जागी दुसरा चालत नाही, ज्याला हाक मारली की दुसऱ्याचं कामही करावं लागतं, तो कामगार. हा माणूस या गिरणीचा कामगार आहे आणि त्या दिवशीही होता. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च गिरणीने द्यायचा, उभा राहीपर्यंतची मजुरीही द्यायची. वकिलाने काहीतरी टिपून घेतलं. मालक उठला, जाताना ठेकेदाराजवळ क्षणभर थांबला आणि निघून गेला.

परतीच्या बसमध्ये तिने दोघांची तिकिटं काढली. सळई बसणार होती, पाय वाचणार होता, महिनाभर ती ज्यासाठी झुरत होती ते हाती आलं होतं. पण शेजारी बसलेला माणूस सगळं हरून आल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता, आणि तिला आनंद कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

बस गावात शिरत नाही, ओढ्यावरच्या पुलापाशी सोडते. उतरल्यावर तो चार पावलं चालला आणि कठड्याला टेकला. ऊन कलत होतं, गार वारा सुटला होता. तिने कुबड्या घेतल्या आणि शेजारी उभी राहिली.

“मुकादमाने कुठे गाठलं होतं तुम्हाला?” तिने विचारलं.

त्याने हनुवटीने पायाखाली दाखवलं.

“इथे.”

तिने समोर पाहिलं. ओढ्याच्या पलीकडे, दोन शेतं सोडून, त्यांचं घर होतं. भिंती, पायरी, पायरीवर बसलेली सासू, सगळं हातावर घेतल्यासारखं दिसत होतं. इथून हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

“घर दिसत होतं?”

“दिसत होतं,” तो म्हणाला. “दार उघडं होतं. तू आत बसलेली दिसत होतीस.”

तिने कुबड्या कठड्याला लावल्या. इतक्या वर्षांत त्या लेकरासाठी ती एकटीच रडली होती, भिंतीकडे तोंड करून, याला कळू न देता. आज ती पुलावर, भर रस्त्यात रडली, आणि तोही रडला. येणारे-जाणारे बघत पुढे गेले. पलीकडून सासू हात डोळ्यांवर धरून बघत होती, काय निकाल लागला ते तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मग ठेकेदारिणीने कुबड्या काखेत मारल्या, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, आणि दोघं हळूहळू घराकडे निघाली.